करड्या वायरचा तुकडा

माझा थोरला भाऊ जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आला. लोक त्याला मिस्त्री म्हणत, मी दादा म्हणते. त्याला एक खोड होती. कुठलंही दार लावलं की दोनदा ओढून बघायचं. घराचं, कपाटाचं, कुणाकडे गेलो तर त्यांचंसुद्धा.

"अरे लागलंय ते," मी म्हणायची.

"लागल्यासारखं दिसणं वेगळं, लागणं वेगळं, चिमे." माझी साठी उलटली तरी त्याच्यासाठी मी चिमीच.

त्यानं लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर मी त्याच्याकडेच राहायला आले. दोन खोल्या, एक खिडकी. सकाळी मी खिडकीपाशी खुर्ची ओढून पाव तास देवाचं नाव घेते. तेवढ्या वेळात दादा दाढी करायचा आणि साबण लावलेल्या तोंडानं विचारायचा, "काय म्हणतोय तुझा देव? उचलतो का फोन, की नुसतीच रिंग जाते?" मी रागावत नसे. श्रद्धेच्या बाबतीत तो कोरडाच होता, पण कामात इतका प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही.

त्याच्या कामात एक धोक्याची गोष्ट असते. लिफ्टचं कुठलंही दार उघडं असलं तर लिफ्ट हलत नाही. पण दुरुस्ती करताना कधी कधी ती हलवावीच लागते. मग मिस्त्री एक वायरचा तुकडा जोडून तो अडथळा तेवढ्यापुरता चुकवतो. काम झालं की तो तुकडा काढायचा. विसरला, तर दार उघडं असलं तरी लिफ्ट आपली चालतच राहणार. म्हणून दादानं स्वतःपुरता नियम केला होता. त्या कामाला फक्त लाल वायर, आणि तीही एकच. निघताना ती पिशवीत आहे ना, हे बघितल्याशिवाय इमारत सोडायची नाही. हाताखालच्या सगळ्यांना त्यानं हेच शिकवलं.

ती घटना घडली तेव्हा तो एकोणसाठचा होता. एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्याचं दार त्रास देत होतं. त्या दिवशी पिशवी खाली राहिली होती आणि लिफ्ट बंद. गुडघे तर महिनाभर ठणकत होते. तीन मजले उतरायचे, पुन्हा चढायचे. त्यानं खिशात चाचपलं, करड्या वायरचा एक तुकडा मिळाला. तोच जोडला. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, दुसरीकडे लिफ्टमध्ये तीन माणसं अडकली आहेत, ताबडतोब निघा. तो कसाबसा खाली उतरला आणि नियमाप्रमाणे पिशवीत बघितलं. लाल वायर जागेवर होती. तो निश्चिंत मनानं गेला.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणारी एक बाई कपड्यांचा गठ्ठा घेऊन निघाली. लिफ्ट सहाव्या मजल्यावर होती. जुन्या दाराची कडी नीट अडकली नव्हती, तरी लिफ्ट वर गेली होती. तिनं ओढताच दार उघडलं. हातातल्या गठ्ठ्यामुळे समोर लिफ्ट नाही हे दिसलं नाही, आणि ती खाली कोसळली. चौथ्या दिवशी ती गेली.

तिथं जोडलेलाच राहिलेला करडा तुकडा पोलिसांना सापडला. आरोपी दोघं झाले, दादा आणि इमारतीचा वॉचमन. वॉचमनकडे लिफ्टची किल्ली असायची आणि अडली की तो तिच्याशी थोडीफार खटपट करायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि दादा लाल वायरशिवाय दुसरी वापरत नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. दादाच्या कंपनीच्या वकिलाला आणखी काय हवं? "मिस्त्री, तुम्ही काही बोलूच नका. तुमची शिस्तच तुम्हाला सोडवणार," तो म्हणाला.

चार वर्षं तारखा पडत राहिल्या. वॉचमन अकरा दिवस कोठडीत राहून जामिनावर सुटला. त्याची नोकरी गेली, तो कुठेतरी गाड्या लावून द्यायला उभा राहू लागला. दादा निवृत्त झाला. दाढी करताना बोलेनासा झाला. मला वाटलं, वयामुळे असेल.

निकालाच्या आधीची साक्ष आठवड्यावर आली. एका सकाळी तो दुसरी खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसला.

"मला शिकव."

"काय?"

"हेच. तू करतेस ते."

"यात शिकवण्यासारखं काय आहे? डोळे मीट आणि मनात असेल ते सांग."

तीनच मिनिटांत उठला. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी म्हणाला, "जमत नाही बघ. 'सोडव' म्हणायला जातो आणि तो वॉचमन समोर येऊन उभा राहतो. मला सोडव म्हणणं म्हणजे त्याला अडकव म्हणणंच आहे."

"असं का म्हणतोस?"

तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. गुडघ्यांपासून.

मी काय बोलले, ते लपवत नाही. रोज देवाचं नाव घेणारी मी म्हणाले, "गप्प राहा. झालं ते झालं. आता का तुझं वय आहे तुरुंगात जायचं?"

"वॉचमनचं आहे? माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे तो."

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसले, पण नाव तोंडात येईना. दादानं ते बघितलं. थट्टा केली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "चिमे, माझी एक पँट धुऊन ठेव. कोर्टाची."

कोर्टात वकिलानं ठरलेला प्रश्न विचारला, "तुम्ही कोणत्या रंगाची वायर वापरता?"

"लाल. पण त्या दिवशी करडी वापरली. तो तुकडा माझा आहे."

वकिलाचं तोंड उघडंच राहिलं. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "चार वर्षं का बोलला नाहीत?"

"भीती वाटत होती," दादा म्हणाला. मागच्या बाकावर त्या बाईचा नवरा बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

वॉचमन सुटला. दादाला दीड वर्षाची शिक्षा झाली, आणि तुरुंगात हजर व्हायला आठ दिवस मिळाले. बाहेरच्या पडवीत वॉचमननं आम्हाला गाठलं.

"मिस्त्री, चार वर्षं उन्हात उभा आहे मी. चोरासारखं बघतात लोक."

"हो."

"हो काय?"

"माफी मागायला तोंड नाही मला."

"मग नका मागू." तो पाठ फिरवून चालू लागला. दहा पावलांवर थांबला आणि मागे न वळताच म्हणाला, "जाताना पोटभर खाऊन जा. पहिल्या दिवशी जेवण फार उशिरा देतात."

ते आठ दिवस आम्ही दोघं रोज शेजारी बसत होतो. तो काय म्हणायचा ते मी विचारलं नाही. मी मात्र मुकाट्यानं माझ्या त्या 'गप्प राहा'ची क्षमा मागत होते. फार थकून गेलो होतो आम्ही. निघायच्या दिवशी मी त्याला पोटभर वाढलं. तो सगळं जेवला.

महिन्यानं भेटायला गेले. वाळला होता, पण दाढी केलेली होती.

"गुडघे?"

"आहेत. दोन्ही."

"बसतोस का सकाळी?"

"बसतो. फार नाही, दोन-चार मिनिटं." मग जाळीवर बोट फिरवत राहिला. "वॉचमन येत नाही आता. ती बाई येते. गठ्ठा घेऊन."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? बसते. मी बसू देतो. आधी घालवून द्यायचो तिला. आता तिचं नाव घेतो. मागत काही नाही." बोट थांबवून म्हणाला, "तुझा तो फोन, चिमे. उचलतात, असं वाटतं. बोलत नाहीत, पण उचलतात."

वेळ संपली. शिपाई त्याला घेऊन निघाला. जाता जाता माझ्याकडे वळून हसला. "आजी, तुमचा भाऊ अजब आहे हो. आम्ही कोठडीचं दार बाहेरून लावलं की हा आतून दोनदा ओढून बघतो. मी म्हटलं, आजोबा, पळायचा विचार आहे का? तर म्हणतो, नाही हो, नीट लागलंय ना, एवढंच बघतो."