पायमशीनवरचे मास्तर

"श्वास सोडा. पोट आत ओढून दिलेलं माप खोटं असतं."

गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप गुंडाळली की मास्तर हे म्हणायचेच. समोर हवालदार असो, लग्नाचा नवरदेव असो, नाहीतर पाचवीतला पोरगा. जुन्नरच्या जुन्या बाजारातल्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. खरं नाव फलकावर होतं, पण ते कुणी घेत नसे. तुमच्याही गावात असा एखादा शिंपी असेल, ज्याला सगळं गाव नुसतं मास्तर म्हणतं.

माझी त्यांच्याशी ओळख कपड्यांमुळे झाली नाही. दोन हजार सालानंतर काही वर्षं मी एका आरोग्य संशोधनाच्या कामात होते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेली माणसं रोजच्या जगण्यात किती हालचाल करतात, हे आम्हाला मोजायचं होतं. विचारून उपयोग नसे. विचारलं की निम्मे म्हणत, "दिवसभर राबतो," आणि निम्मे म्हणत, "आता काय व्हतंय आमच्यानं?" म्हणून काडेपेटीएवढं यंत्र पट्ट्याने कमरेला बांधायचं. अंग हललं की ते नोंद घेई. आठवड्याने ते परत आणायचं, संगणकाला जोडायचं आणि कागदावर उमटलेली रेघ घरच्यांना समजावून सांगायची. अवसरी बुद्रुकपासून जुन्नरपर्यंतचे रुग्ण माझ्याकडे होते. एसटी, पिशवी, छत्री, आणि प्रत्येक घरी त्याच तीन सूचना: आंघोळीला काढा, झोपताना काढा, दुसऱ्या कुणाच्या कमरेला बांधू नका. तिसरी सूचना अनुभवातून आली होती.

मास्तरांना झटका येऊन गेला होता, म्हणून ते आमच्या यादीत होते. पहिल्या भेटीत त्यांनी यंत्राकडे पाहिलंच नाही. पट्टा उलटसुलट केला, शिवण नखाने खरवडली आणि विचारलं, "ताई, हे कुणी शिवलं?"

"पुण्याहून आलंय."

"तरीच."

मी तेव्हा वैतागलेलेच होते. आदल्या दिवशी पिंपरी पेंढारच्या एका आजींनी पट्टा बघून हात झटकला होता. "ह्यो बाप्यांचा पट्टा मी न्हाई बांधायची." नऊवारीवर तो बसतही नव्हता. मी हे मास्तरांना सांगितलं. पुढच्या खेपेला त्यांनी गणवेशाच्या उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून ठेवल्या होत्या. बायका कमरेला चंची खोचतात तशा, वर नाडी. आजींनी ती मुकाट्याने बांधली आणि वर म्हणाल्या, "हे आधीच द्यायचं की, बाई."

मास्तरांचा मुलगा चाकणला कंपनीत होता. वडिलांनी दुकान बंद करावं असं त्याच्या मनात होतं. "अब्बा, बहुत हो गया, अब आराम करो," हे मी माझ्या कानांनी अनेकदा ऐकलं. मास्तर कात्री चालवत राहत. यंत्र बांधलं त्या दिवशी मुलानेच तोड काढली. "मॅडम, तुमचं मशीन सांगंल तसं. दुकानात अब्बांची दमणूक व्हते असं दिसलं तर कुलूप. नाय दिसली तर मी परत बोलायचो नाय."

मास्तर लगेच म्हणाले, "कबूल." इतक्या लगेच, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आठवड्याने रेघेचा कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेले. सकाळी घरापासून दुकानापर्यंत थोडी वर, संध्याकाळी परत थोडी वर, आणि मधला सगळा दिवस सपाट. मुलगा कागद बघून म्हणाला, "म्हंजे अब्बा दुकानात नुसते बसूनच असतात?" मास्तर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तेच तर सांगतोय कवापासून."

कागद पिशवीत घालून मी एसटी स्टँडकडे निघाले. वाटेत दुकानावरून गेले, तर मास्तर माझ्या आधीच पोचून मशीनवर बसलेले. पायमशीन होती. खाली पाय असे चालले होते की पायडल दिसत नव्हतं, आणि वर कमर देवळातल्या खांबासारखी स्थिर. आमचं यंत्र कमरेला होतं. त्याला काय दिसणार?

मी आत शिरले. "मास्तर, हे माप खरं नाही."

"माप तुमच्या मशीननं घेतलं, ताई. मी कुठं काय बोललो?"

"तुम्हाला माहीत होतं."

"कमर हलली तर शिवण वाकडी जाती. आता चांगलं शिवनं हा काय माझा गुन्हा?" त्यांनी दाताने दोरा तोडला आणि माझ्याकडे चोरून पाहिलं.

मी म्हटलं, "श्वास सोडा, मास्तर."

ते हसले. मग पाय थांबले.

"दवाखान्यातून आलो तेव्हा महिनाभर घरी व्हतो," ते म्हणाले. "लई माया करत्यात सगळी. पण घरात हळू बोलत्यात. टीव्हीचा आवाज बारीक. नातवंडं चवड्यावर चालायची. मी मेलोय का जिता हाय, मलाच कळंना. हितं गिऱ्हाईक भांडतं माझ्याशी. बाही लांब झाली, कॉलर टोचती, टाइमावर दिलं न्हाई. माणसाशी भांडाय कुणी पाहिजे का नको?"

पण डॉक्टर त्या सपाट रेघेवरून औषध ठरवणार होते, हेही खरं होतं. मी तसं सांगितलं, आणि यंत्र पुन्हा बांधावं लागेल म्हणाले. मास्तरांनी कापडावर खडूने दोन रेघा मारल्या. मग म्हणाले, "कुठं बांधता? पायाला?"

"घोट्याला."

"मग आत्ता नको. जूनमधी बांधा. गणवेशाची घाई आसती तवा. खरं घ्यायचं तर पुरतं खरं घ्या." जूनपर्यंत सपाट रेघेचा भरवसा धरू नका, हे मी डॉक्टरांना कळवलं.

जूनमध्ये त्यांनी स्वतःच शिवलेल्या पिशवीला जास्तीची नाडी लावून यंत्र घोट्याला बांधलं. मुलाला मी सगळं समजावून सांगितलं होतं. त्याने कुलूप विकत आणून ठेवलं होतं, हे मला सुनेकडून कळलं.

या वेळी रेघ सकाळी वर चढली ती संध्याकाळपर्यंत खाली आलीच नाही. मुलाने ती पाहिली आणि डोक्याला हात लावला. मास्तर भिंतीकडे बघत बसले. आम्ही तिघे कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी रेघेवरून बोट फिरवलं. म्हणाले, "पाय चालतात ते चांगलंच आहे. पण थांबत नाहीत, ते वाईट आहे. मास्तर, मध्ये उठता की नाही?"

"उठून जाऊ कुठं?"

मुलगा म्हणाला, "मोटार बसवून देतो मशीनला."

"मग हे दिवसभर पायही हलवणार नाहीत, आणि काम दुप्पट घेतील," डॉक्टर म्हणाले. " मोटार नको. कुलूपही नको. मध्ये मध्ये उठायचं आणि चालून यायचं."

बाहेर आल्यावर मास्तर कुरकुरले, "रिकामा फिराय लागलो तर गिऱ्हाईक काय म्हनंल?" मग मीच विचारलं, काजं कुठं करता? काज-बटणाचं काम पुढच्या गल्लीत एकाकडे जाई आणि त्याचा माणूस गठ्ठा न्यायला येई. आम्ही त्या माणसाचं येणं बंद केलं. एक शर्ट झाला की मास्तरांनी उठायचं, तो हातावर टाकायचा आणि काजवाल्याकडे स्वतः द्यायला जायचं. शर्ट हातात असला की माणूस रिकामा दिसत नाही. हे त्यांना पटलं.

आमचं संशोधन संपलं, यंत्रं पुण्याला परत गेली. त्यानंतरही कामानिमित्त जुन्नरला गेले की भर उन्हात हातावर शर्ट टाकून गल्लीतून चाललेले मास्तर दिसायचे. वाटेत कुणाशी तरी बाहीवरून वाद चाललेला असायचा.

ते गेले एका हिवाळ्यात, दोन दिवसांच्या तापाने. मला उशिरा कळलं. मी जुन्नरला पोचले तेव्हा मुलगा दुकान उघडून लोकांची कापडं परत करत होता. आपापलं कापड लोकच ओळखून घेत होते, तो नुसता मान हलवत होता. मशीनवर एक शर्ट राहिला होता. सगळा शिवून झालेला, फक्त काज-बटणं बाकी.

"आण इकडे," मी म्हटलं. "मी देऊन येते."

शर्ट हातावर टाकून मी गल्लीतून निघाले. एकेका दुकानातून मान वर होत होती आणि पुन्हा खाली जात होती.

काजवाल्याने शर्ट घेतला, उलटून पाहिला, आणि सवयीने पायाने एक स्टूल पुढे सरकवलं.

"बसा, ताई. मास्तर जरा दम खाऊन मग जायाचे."

मला एसटी गाठायची होती. मी बसले.