यमुनेची पावडर

परवा पांढुर्ण्याला नातीच्या लग्नाची तयारी चालली होती. पार्लरवाल्या मुलीने तिच्या जबड्यावर ब्राँझरच्या, म्हणजे उन्हाची झाक आणणाऱ्या पावडरीच्या, तीन शेड ओढल्या आणि तिला दारातल्या उन्हात उभं केलं. जी मळल्यासारखी दिसणार नाही ती तुझी, म्हणाली.

मी शहाऐंशी वर्षांची... आणि मला हे ठाऊक होतं. कोणी शिकवलं ते मात्र मी आजवर सांगितलेलं नाही.

राज्यांची नवी वाटणी झाली तो काळ. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. त्याच हिवाळ्यात माझ्या धाकट्या दिरांचं लग्न झालं आणि काटोलहून यमुना घरात आली.

तोवर मी घरची गोरी सून होते. यमुना सावळी... खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायका तिच्याकडेच बघत होत्या. आमच्या तोंडांवर पांढरी पावडर, जणू गिरणीतून पीठ घेऊन आलेल्या. हिच्या गालांवर मात्र कोवळं ऊन पडल्यासारखं. हातातला तिळाचा लाडू मी तसाच परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली तशी मी तिची पेटी उघडली. डबीत तांबूस पावडर होती. भरभरून तोंडाला फासली आणि मिरवत स्वयंपाकघरात गेले.

सासूबाईंनी वर पाहिलं. "काय वं, भिंत सारवून आली का?"

सगळे हसले. मी रडत खोलीत पळाले.

यमुना मागोमाग आली. डबी माझ्या हातातच होती... ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"जाऊबाई, थे माह्या रंगाची आहे. तुमच्यासाठी वेगळी करा लागते."

तिने माझं तोंड धुतलं, मला खिडकीशी बसवलं. पांढऱ्या पावडरीत चिमूटभर गेरू घातला, मलमलीतून चाळला. जबड्यावर लावून उजेडात पाहिलं, जास्त वाटला तशी आणखी पावडर घातली. मग कपाळाच्या कडेला, गालाच्या हाडांवर, नाकावर हलकेच बोट फिरवलं.

"तोंडभर नाही फासाचं. ऊन लागते तिथंच."

आरशात मी खरंच छान दिसत होते. आणि मला तिचा आणखीच हेवा वाटला... आधी नुसत्या रूपाचा होता, आता मनाचाही.

रथसप्तमीला शेजारणींनी मला घेरलं. काय लावलं वं, म्हणून विचारून राहिल्या. मी म्हणाले, "माझीच युक्ती आहे."

यमुना अत्तरदाणी घेऊन समोरच उभी होती. तिने ऐकलं. माझ्या मनगटाला अत्तर लावलं आणि पुढच्या बाईकडे गेली.

पुढे गल्लीतल्या कितीतरी मुलींना मी ती पावडर करून दिली, कौतुक घेतलं. खरं सांगायला रोजचा दिवस होता. एका घरात, एका चुलीवर आम्ही चाळीस वर्षं काढली... तिनेही विषय काढला नाही, मीही नाही.

आता ती नाही. माझ्याकडून पावडर नेलेल्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर ऐका... ती युक्ती माझी नव्हती. काटोलच्या यमुनेची होती.