पिंप्राळ्याची जपानी सून

एका कॅसेटच्या कव्हरवरचा फोटो बघून मी एका माणसाचं लग्न जमवलं होतं, तेही थेट जपानात. आमच्या पिंप्राळ्याला तेव्हा जपान म्हणजे घड्याळं आणि टेपरेकॉर्डर. तिथून सूनही आणता येते, हा शोध माझा. वय पस्तिशीचं, दोन पोरांची आई, तरी अक्कल अजून दुधावरची.

ज्याचं लग्न जमवलं तो मात्र मला पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता, "कळायची घाई कशाला वहिनी? आधी ऐका तर."

आमच्या घरासमोर त्याचा टायपिंगचा क्लास होता. पत्र्याची शेड, आत दहाबारा खटारा मशिनी, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर टेप. गाणं लावलं की तो टेपच्या झाकणावर तळहात ठेवून उभा राहायचा. तापलेल्या पोराच्या कपाळावर आई हात ठेवते ना, तसा. मान जराशी कललेली, डोळे अर्धे मिटलेले. असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. गर्दीत असतो आणि नसतो.

पोरं धुळ्यात, जळगावात, कुठेही टायपिंग शिकायची. पण गाण्याच्या तालावर मशीन बडवणारा क्लास हा एकच. आधी तो हिंदी गाणी लावायचा. मग एका पोरीने रजेच्या अर्जात ‘महोदय’च्या खाली सरळ गाण्याची अख्खी ओळ टाईप केली. कानात आलं ते बोटांतून उतरलं. तेव्हापासून त्याने ठरवलं, ज्याचा शब्द कळत नाही तेच गाणं क्लासात वाजेल. मग जपानी गाणी आली. पुढे हाँगकाँगची आली, कोरियाची आली. उन्हाने पत्रा तडतडतोय, बाहेरून केळीच्या घडांचा ट्रक चाललाय, आणि आत कोणी परदेशी बाई गळा काढून काहीतरी मागतेय, आणि त्या तालावर आमची पोरं ‘सविनय सादर’ बडवतायत.

टायपिंग हे निमित्त होतं, हे कळायला मला वेळ लागला. क्लास सुटल्यावरही टेप चालूच असायचा. मीही नाव घातलं होतं, मराठी तीसच्या, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेसाठी. दोन बोटांनी कोंबडी दाणे टिपते तशी टाईप करायचे आणि दर परीक्षेला आपटायचे. तो रागवायचा नाही. टेप मागे घेऊन म्हणायचा, "इथे बघा, ही श्वास घेते आणि थांबते. एवढ्या थांबण्यासाठी मी अख्खं गाणं ऐकतो." मला श्वासबिस काही ऐकू यायचा नाही. माझं लक्ष कव्हरवर.

कव्हरवर एक नाजूक चेहरा होता. कपाळावर दाट झुलपं, डोळ्यांत काजळ, कानात मोती. एकदा मी आत गेले तर तो ते कव्हर शर्टाच्या टोकाने पुसत होता. मला बघून त्याने ते पालथं ठेवलं. झालं. तेवढं पालथं ठेवणं मला पुरलं. त्या काळी मला एक धागा मिळाला की मी अख्खं लुगडं विणायचे.

त्याचं वय झालं होतं. सावद्याच्या एका केळीच्या व्यापाऱ्याकडून स्थळ आलं होतं, मुलगी चांगली शिकलेली, आणि हा बघायलाच जाईना. मला कारण सापडलं. तिकडे जपानात जमलंय. संध्याकाळपर्यंत कॉलनीला सापडलं. आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन त्याच्या आईला सांगितलं.

त्याची आई साक्रीकडची. नवरा लवकर गेलेला, एका पोरावर दिवस काढलेले. बोलणं सगळं अहिराणीत. मुलाला ‘मना आंडोर’ म्हणायची, माझा मुलगा. त्या दोन शब्दांत तिचा सगळा जमीनजुमला होता. आम्ही सगळे तिला मायच म्हणायचो. ती कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ मळत होती. माझं सगळं ऐकून घेतलं, हात थांबवले नाहीत. मग एवढंच विचारलं, "ती कयनानी भाकर खाई का?"

मी म्हटलं, खाईल की, शिकेल.

त्यानंतर मायने स्थळं बघणं सोडलं. सावद्याला निरोप गेला. आणि मी आपली जपानच्या सुनेची बातमीदार झाले. माय विचारायची, मी सांगायचे. तिचे वडील आजारी आहेत, म्हणून येता येत नाही. भाकरीचा फोटो पाठवला, तिला आवडला. तिकडे भूकंप झाला, पण ती ठीक आहे. त्याला विचारलं तर तो ‘कळायची घाई कशाला’ एवढंच म्हणायचा. मला वाटायचं, लाजतोय.

कॅसेटी आणणारा त्याचा एक मित्र होता. भुसावळचा, रेल्वेवाल्याचा मुलगा, मालाच्या जहाजावर वायरलेसच्या कामाला. धिप्पाड, सावळा, पंजे परातीएवढे. वर्षातून एकदा यायचा, तो बहुधा आखाजीच्या सुमाराला. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. जावई न्यायला आले की मांडे आणि आंब्याचा रस. मित्र आला की क्लास बंद. मागच्या खोलीत दोघं नव्या कॅसेटी ऐकत बसायचे. माय खापरावर मांडे टाकायची, तो मित्र तिच्यासमोर बसकण मारून खायचा, आणि ती त्याच्या ताटात तुपाची धार धरायची ती हात दुखेपर्यंत.

मी त्याला पोस्टमन समजत होते. एका आखाजीला तर मी कहर केला. बोहरी गल्लीतून हिरव्या बांगड्या आणल्या, सव्वादोनच्या, कारण जपानी बायका नाजूक असतात असं मीच ठरवलं होतं. मित्राच्या हातात पुडकं देऊन म्हटलं, तिला द्या, पिंप्राळ्याकडून. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग याच्याकडे पाहिलं. हा टेपवर हात ठेवून भिंतीकडे बघत होता. मित्राने पुडकं दोन्ही हातांनी घेतलं, देवाचा प्रसाद घ्यावा तसं. म्हणाला, पोचवतो वहिनी.

ही जपानीण अशी बरीच वर्षं नांदली. माझी पोरं मिसरूड फुटण्याइतकी मोठी झाली. तिसाव्या वर्षी हसून ‘घाई कशाला’ म्हणणारा माणूस चाळिशीला आला आणि त्याचं ते वाक्य हळूहळू दमत गेलं. आधी त्यातलं हसू गेलं, मग ‘वहिनी’ गेलं. शेवटी नुसता हात हलवायचा. कॉलनी माझ्याइतकी भाबडी नव्हती. कुजबुज होती. एक दिवस एका पोराच्या बापाने येऊन मुलाचं नाव काढलं. कारण सांगितलं नाही. बोलताना तो याच्याकडे बघत नव्हता, टेपकडे बघत होता, जणू रोग तिथून येतो. मग आणखी दोघंतिघं आले. त्या आठवड्यात मशिनींवर काळी कव्हरं घालून तो एकटाच शेडमध्ये बसलेला मी पाहिला. टेप बंद.

मी गेले. आणि माझ्या अकलेप्रमाणे म्हटलं, आता तरी तिला बोलावून घ्या, लोकांची तोंडं बंद होतील.

मग त्याने ते जुनं कव्हर काढून माझ्या हातात दिलं.

"वहिनी, एक तर हा पुरुष आहे. तिकडचे गाणारे काजळ घालतात."

मी कव्हर डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. बाईच दिसत होती.

"आणि दुसरं, याचा माझा काही संबंध नाही. मी याचा फक्त आवाज ऐकतो. माझा माणूस तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्याच्या हातात बांगड्या दिल्या होत्या."

माझ्या तोंडातून निघालं ते एवढंच की, अगं बाई, आता कळलं.

"कळलं ना? मग आता तरी ऐका," तो म्हणाला. "मी दमलोय. मशीनलासुद्धा ओळ संपत आली की घंटा वाजते, मग माणूस हात उचलतो. मला कुणी घंटा वाजवत नाही. तुमच्या जपानी पोरीने मला इतकी वर्षं वाचवलं, खोटं कशाला बोलू. पण आता तिला सांभाळणंही होत नाही."

मित्राने जहाज सोडलं होतं. त्याला कोचीला बंदरावर काम मिळालं होतं आणि हा त्याच्याकडे जाणार होता. मायला मात्र तोंडाने सांगणं त्याला जमत नव्हतं. माझ्याशी एक करार केला. सून मी आणली, तर ती मीच परत पाठवायची. मायला खरं काय ते मी सांगायचं. तिने ऐकून घेतलं तर तो आखाजीला घरी येईल. नाही तर येणार नाही. तिच्यासमोर बसून पुन्हा खोट्या सुनेच्या गोष्टी करणं त्याच्याने होणार नव्हतं.

तो गेला. मशिनी विकल्या, टेप मायकडे ठेवला. आमच्याकडे फोन होता, रविवारी त्याचा यायचा. पहिल्यांदा विचारायचा, सांगितलं का? मी म्हणायचे, या आठवड्यात पाहुणे होते. मग, मायला जरा ताप होता. मग, उन्हाळी कामं निघालीत, पापड झाले की सांगते. आमचे हे पेपरामागून म्हणायचे, "जपानची बातमी द्यायला तोंड होतं, घरची द्यायला नाही?" खरंच नव्हतं. मी मायकडे जायचे, भाकरी खायचे आणि परत यायचे. भीती त्याच्यासाठी होती म्हणावं, तर तेवढी चांगली मी नव्हते. इतकी वर्षं मी ज्या बाईला फोटो, भूकंप आणि आजारी व्याही पुरवला, तिच्यासमोर मूर्ख ठरायची लाज होती. आखाजी जवळ येत चालली होती, आणि फोनवरचा ‘सांगितलं का’ आता प्रश्नासारखा येत नव्हता. कुणी हजेरी घ्यावी तसा यायचा.

माझी नात आता कानात बोंडं खुपसून कोरियन पोरांची गाणी ऐकते. तिच्या भिंतीवरच्या पोरांनी काजळ घातलंय, ओठ रंगवलेत, आणि माझ्या सुनेला त्याचं काही वाटत नाही. मी मात्र एकदा विचारलं, यातली बाई कोणती? नात हसून लोळली. तिनेच मला सांगितलं की हल्ली अशा माणसांचा मोर्चा निघतो मोठ्या शहरांत, सात रंगांचे झेंडे घेऊन, अभिमानाने. मी म्हटलं, अभिमान चांगलाच गं, पण आधी त्यांना जरा बसू द्या. पाणी द्या. मी पाहिलाय तो माणूस अभिमानापर्यंत पोचलाच नव्हता, बिचारा लपवूनच थकला होता. तो आता नाही. फोन मित्राचा आला होता. जाताना तिकडचा टेप चालू होता, एवढंच सांगितलं, आणि मग आम्ही दोघंही कितीतरी वेळ फोन धरून गप्प बसलो. त्याने सांगितलेला तो श्वास मला त्या गप्प बसण्यात पहिल्यांदा ऐकू आला असं लिहायला बरं वाटलं असतं. आला नाही. मला अजूनही येत नाही.

पण मला सांगायचंय ते त्या उन्हाळ्याचं.

आखाजी चार दिवसांवर आली तेव्हा मी गेले. लिंबाला झोके बांधून झाले होते, पोरी गात होत्या. मायच्या घरात टेप चालू होता. माय पाटावर बसून डाळ निवडत होती आणि डावा तळहात टेपच्या झाकणावर. मान कललेली. ते बघून माझे पाय उंबऱ्यातच थांबले. मग खाली बसले आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. जपानीण नाही, कधी नव्हती, मी खोटं बोलले, फोटोतला बाप्या आहे, आणि तुमच्या मुलाचा माणूस कोण ते.

मायने सूप बाजूला ठेवलं. उठली, फडताळातून एक पुडकं आणून माझ्यासमोर ठेवलं. सव्वादोनच्या हिरव्या बांगड्या. मी दिल्या त्याच संध्याकाळी मित्राने त्या तिच्याकडे आणून दिल्या होत्या. ती म्हणाली,

"बाई, माले बठ्ठं ठाऊक व्हतं. मना आंडोर शे तो, माले नही समजाव तर कोनले समजी? पन तू इतली हाऊसमा सांगे, तुनं मन कसाले मोडू? ह्या ले. त्याना हात केवढा, तुन्या बांगड्या केवढ्या. आते रविवारले फोन उना का सांगजो, आखाजीले दोन्हीजन या. तुनी जपानीन नही उनी तरी चाली."