वहिनीचा परीक्षेचा तास

माझी वहिनी आधी दवाखान्यात नर्स होती. मार खाल्लेल्या बायका तिच्या हाताखालून जायच्या. कोणाचा जबडा निखळलेला, कोणाच्या दंडावर सिगरेटचे चटके. विचारलं की प्रत्येकीचं उत्तर एकच, "पडले." एकीने मात्र टाके घालून घेताना विचारलं, "सिस्टर, प्रेम असलं की एवढं चालायचंच ना?"  त्याच आठवड्यात वहिनीने प्रशिक्षणाला नाव घातलं. शाळेतल्या मुलामुलींना शरीर, लैंगिक संबंध आणि नाती यांबद्दल शिकवणाऱ्या शिक्षिकेचं, सहा महिन्यांचं.

माझ्या भावाने ऐकलं आणि भरलं ताट भिंतीवर भिरकावलं. "जगभर घाण बोलत फिरणार तू? तोंड फोडीन!"

प्रशिक्षणात सगळ्यात आधी तोंड उघडायलाच शिकवतात. प्रत्येक अवयवाचं नाव घ्यायचं, न हसता, न अडखळता, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. वहिनी भांडी घासता घासता सराव करायची. शेजारच्या खोलीत मी शिवत बसलेली. पहिल्या दिवशी माझे कान असे तापले की सुई बोटात घुसली. ती हसून म्हणाली, "वन्सं, लाज वाटत असेल तर मशीन जोरात चालवा."

मशीन मी जोरात चालवायचे ते वेगळ्या कारणासाठी. भिंतीपलीकडे भावाचा हात सुटला की मी मशीनच्या पेडलवर पाय दाबत राहायचे. देवाचं नाव घ्यायचे आणि पाय दाबायचे. अकरा वर्षं.

प्रशिक्षक बाई वयस्कर होत्या, आवाज बसलेला, पण वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. त्या सांगायच्या, मुलं नाव न घालता प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकतात, त्यातली एकही टाळायची नाही. कोणी छळाबद्दल सांगितलं तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. आणि दोन गोष्टी त्या रोज घोकून घ्यायच्या. स्वतःच्या घरची कहाणी वर्गात आणायची नाही, आणि मुलांशी खोटं बोलायचं नाही.

शेवटची परीक्षा म्हणजे खऱ्या वर्गावर एक तास. बाईंची सही मिळाली की शाळेत नोकरी, आणि शाळेच्या आवारातच राहायला एक खोली. वहिनीला ती खोली हवी होती. आतून कडी लावता येईल अशी.

परीक्षेच्या दिवशी सकाळी भावाने तिची टिपणं फाडली. ती तुकडे गोळा करायला वाकली तशी त्याने केस धरून तिचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा दात तुटल्याचा आवाज आला. त्या दिवशी मी दारातच उभी होते. पाय उचलला नाही माझा.

तो गेल्यावर तिने चूळ भरली, रक्त थुंकलं आणि साडी बदलली. चक्कर येत होती म्हणून मी सोबत गेले आणि वर्गात मागच्या बाकावर प्रशिक्षक बाईंशेजारी बसले.

पहिलीच चिठ्ठी निघाली. "मुलगी नाही म्हणाली तर एक ठेवून द्यायची, मग ताळ्यावर येते, असं दादा म्हणतो. खरं का?" वर्ग खिदळला.

सुजलेल्या ओठांनी वहिनी म्हणाली, "तुमच्या मानेवर कोणी गुडघा ठेवला तर तुम्हीही हो म्हणाल. त्याला होकार म्हणत नाहीत. सुटका मागणं म्हणतात. हो म्हणणाऱ्याला नाही म्हणायची भीती नसेल, तरच ते हो."

मागून एका मुलाने पिन मारली, "मॅडम, आज तुम्ही ऐकलं नव्हतं वाटतं?"

सगळे हसत सुटले.  मला वाटलं, आता वहिनी म्हणणार, "पडले."

"मला मारलंय," ती म्हणाली. "कोणी, ते इथे सांगणार नाही. चूक माझी नव्हती. असं झालं की ज्याच्यावर भरवसा आहे त्याला सांगायचं. मीही सांगितलंय."



घंटा झाल्यावर बाहेर प्रशिक्षक बाईंनी विचारलं, "कोणाला सांगितलंत?"

वहिनीने मान खाली घातली.

"तास उत्तम झाला. पण शेवटचं वाक्य खोटं. त्यातली एखादी मुलगी उद्या त्याच वाक्याच्या भरवशावर घरी तोंड उघडेल. मी सही कशी करू?"

"नका करू!" वहिनी किंचाळली. ओठ पुन्हा फाटला. "सकाळी त्याने आपटलं, आता तुम्ही आपटा!"

बाईंनी तिच्या ओठाला आपला रुमाल लावला. "चौकी दोन गल्ल्या सोडून आहे. मुलांची शाळा सुटायच्या आत वाक्य खरं करता येईल. मी येते सोबत."

चौकीतल्या पोलिसाने वर बघितलंही नाही. "नवराबायकोचं भांडण, घरीच मिटवा. बघितलंय का कोणी?"

 वहिनी भिंतीकडे बघत होती. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"मी बघितलंय," मी म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"मारणाऱ्याची सख्खी बहीण."

त्याने वही ओढली. मी सकाळचं सांगितलं. मग तिथे थांबवेना. पहिल्या थपडेपासून सुरू केलं. पट्टा, गरम इस्त्री, जिन्यावरून दिलेला धक्का, पोटातलं मूल गेलं ती दुपार. बाईंनी पिशवीतून परीक्षेचा कागद काढला आणि बाकावरच मांडीवर धरून सही केली.

तिसरं पान भरलं तसा पोलीस बोटं मोडत म्हणाला, "जरा हळू सांगा हो, हात दुखायला लागला."

"दुखू दे," वहिनी म्हणाली.