महिपतीची पाठमोरी मोटार

कापड्याच्या महिपती कळंब्याने आपली बायको घाटाला दिली आणि तिचं लुगडं मोटारीच्या पोटात घातलं, असं पोलादपुरापर्यंत बोललं जायचं. बोललं जायचं म्हणजे कुजबुजलं जायचं. बायका नदीवर धुणं आपटता आपटता हात थांबवायच्या आणि आवाज बारीक करायच्या. कापड्याच्या नाक्यावर भागूबाईचं चहाचं दुकान होतं. तिथे हा विषय निघाला की ती आधी रस्त्याकडे बघून घ्यायची, मग कपबश्या विसळायचं सोडून खऱ्या कामाला लागायची. भागूबाईने ही गोष्ट जितक्यांना ऐकवली तितका चहा जरी तिचा खपला असता, तरी तिच्या दुकानावर माडी चढली असती.

आता भागूबाईचं निम्मं सोडून द्यायचं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पण लुगडं मोटारीच्या पोटात होतं, हे चांगू लोहाराने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि चांगू हा असा माणूस, की त्याला वाढवून सांगायला लावलं तरी सांगता यायचं नाही.

महिपती मूळचा भातशेतीतला. पहिली मोठी लढाई संपल्यावर गिरणीत लागायला म्हणून मुंबईला गेला, पण गावदेवीच्या एका मोटारखान्यात गाड्या धुवायच्या कामावर राहिला आणि गिरणी राहूनच गेली. धुता धुता पुसायला लागला, पुसता पुसता उघडायला लागला, आणि शेवटी एका शेठच्या गाडीवर ड्रायव्हर झाला. इंजिन पहिल्यांदा उघडं पाहिलं तेव्हा पोटात जे झालं, ते लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही झालं नाही, असं तो सांगायचा. हे तो तुळसासमोर सांगायचा. तुळसा म्हणजे त्याची बायको. तो हसायचा, ऐकणारे हसायचे. तुळसा चुलीतलं लाकूड पुढे सारायची.

मोटार त्याला शेठच्या विधवेने देऊन टाकली. शेठ मागच्या सीटवर बसल्या बसल्याच गेला होता. महिपतीला वाटलं मालकांना डोळा लागलाय, म्हणून बिचारा हळू हळू चालवत राहिला, आणि बंगल्यावर पोचून दार उघडलं तेव्हा कळलं. बाईला ती गाडी दारात नको झाली. नावाची पितळी पट्टी कुणीतरी आधीच काढून नेली होती, त्यामुळे ती कुठल्या कंपनीची हे महिपतीलाही धड सांगता यायचं नाही. त्याला त्याचं काही नव्हतं. त्याच्या लेखी ती फक्त ‘ती’ होती.

ती पडावावर चढवून दासगावच्या बंदराला उतरवली, आणि तिथून महाड, पोलादपूर करत कापड्याला नेली. महिपतीची आई चिमाबाई भाकरीचा तुकडा ओवाळायला पुढे आली, तेवढ्यात मोटारीने मागून बंदुकीसारखा बार काढला. भाकरी धुळीत पडली. कुत्र्याने ती हुंगली आणि तशीच सोडली. हे कुत्र्याचं भागूबाईने मागाहून घातलं असावं, पण तुकडा पडला हे खरं.

तेव्हापासून घरात जे होतं ते मोटारीला लागायला लागलं. पाण्याची टाकी गळली की तुळसाच्या डब्यातलं नाचणीचं पीठ तिच्यात ओतायचं. ते आत शिजून भोकं बुजायची. पितळी दिवे घासायला चिंच. दिव्यातलं एरंडेल यंत्राला. रबरी चाकाच्या आतली नळी फाटली तर चाकात भाताचा पेंढा ठासून भरायचा आणि तशीच हाकायची. गुरांना पेंढा कमी पडला तर गुरं ओरडतील. मोटार मात्र वाटेतच अडून बसेल, तेव्हा तिचं आधी.

पावसाळा तोंडावर आला तशी छपराची पंचाईत झाली. कापड्याच्या घराला छपरं दोनच, एक माणसांचं, एक गुरांचं. महिपतीने गोठा मोटारीला दिला आणि गाय बाहेर मांडवाखाली बांधली. ही गाय तुळसाला तिच्या भावाने, सोनबाने, लग्नात आंदण दिलेली. श्रावणात वाघाने ती नेली. खुंट्याला दाव्याचा तुकडा तेवढा राहिला. तुळसा तो हातात धरून बसली होती.

“मोटार भाईर बांधली असती तर वाघानं काय केलं असतं?” तिने विचारलं.

महिपतीने खरोखर विचार केला. “रंग खरवडला असता गो. नखं लय वाईट.”

तुळसाने दाव्याचा तुकडा खाली ठेवला. मग म्हणाली, “ह्या घरात तिच्या वाटेत आता मीच उरलीय. भात झोडून होऊ द्या. मंग एक काय ते ठरवा. ती नायतर मी.”

चिमाबाई आतून म्हणाली, “आसं अभद्र बोलू नये गो.”

“मी कुठं बोलत्ये? मी इचारत्ये.”

महिपतीने ठरवलं नाही. तो मोटारीखाली गेला.

लोकांना खरी भीती घातली ती घाटाने. आंबेनळीचा घाट ती मोटार पाठमोरी चढायची. तोंड पोलादपूरकडे, ढुंगण महाबळेश्वरकडे, आणि अशी ती रेंगत रेंगत वर जायची. महिपती मान मागे वळवून बसायचा, ती मान दोन दिवस सरळ व्हायची नाही. कारण साधं होतं. पेट्रोलची टाकी सीटच्या खाली, आणि पेट्रोल इंजिनाकडे आपल्या वजनाने उतरायचं. मोटार सरळ चढली तर नाक वर जाणार, टाकी खाली राहणार आणि पेट्रोल पोचणार नाही. उलटी केली की टाकी वर, इंजिन खाली. महिपती हे पाण्याचा तांब्या तिरका करून सगळ्यांना दाखवायचा. सगळे तांब्याकडे बघायचे, माना डोलवायचे आणि घरी जाऊन सांगायचे की उलट्या पायांचं काय असतं ते लहान पोरालाही ठाऊक आहे.

त्यात राखणदाराचा प्रश्न. घाटात एका वळणावर त्याचा शेंदूर लावलेला दगड. कुठलाही गाडीवान तिथे खाली उतरायचा, त्याच्याकडे तोंड करून नारळ फोडायचा, निदान फूल तरी ठेवायचा, आणि मगच बैल हाकायचा. मोटारीला ते वळण म्हणजे सगळ्यात खडी चढण. तिथे थांबलं तर ती पुन्हा उचलायची नाही, उलट घसरायची. म्हणून महिपती कधी थांबलाच नाही. दर खेपेला मोटार राखणदाराच्या अंगावर पाठ करून जायची.

एकदा भागूबाईच्या दुकानात आबाजी भगताने त्याला गाठलं.

“कोंबडं तरी ठेव रं.”

“थांबता येत नाय आबाजी.”

“येताना ठेव.”

“येताना ब्रेकवर पाय आसतो. उचलला तर मीच कोंबडं व्हईन.”

“मंग तो आपल्या हातानं घेईल. काय घेईल ते तुज्या हातात नाय.”

“बायकोला घेऊ दे,” महिपती म्हणाला. “तिचं नि मोटारीचं तसंबी पटत नाय.”

बाकं हलली इतके लोक हसले. आबाजी हसला नाही. भागूबाई हसली नाही. ती पाठ करत होती.

भात झोडून झालं. एका सकाळी मोटार नाक्यावरून गेली, तेव्हा मागच्या सीटवर, शेठ गेला त्याच जागी, तुळसा बसली होती. मांडीवर गाठोडं. भावाकडे जाते, एवढंच तिने कुणाला तरी सांगितलं. सोनबाची वाडी घाटमाथ्यावर होती. गाव संपलं, चढण लागली, तशी महिपतीने मोटार फिरवली, आणि ती मागे मागे वर जायला लागली. त्यामुळे जाणाऱ्या तुळसाचं तोंड सारा वेळ आमच्याकडे होतं. एरवी जाणाऱ्या माणसाची पाठ दिसते. ही आमच्याकडे बघत बघत लहान होत गेली. हात हलवला नाही, पदर सावरला नाही. मग पुढल्या वळणाआड गेली.

दिवेलागणीला महिपती परत आला तो एकटा. मोटारीला जळका वास येत होता.

“तुळसा कुठं हाय रं?” भागूबाईने दारातूनच विचारलं.

“नाय आली.”

“कदी येनार?”

त्याने मोटार गोठ्याकडे वळवली. पुढल्या बाजारच्या दिवशी मोटार चांगू लोहाराच्या दारात उभी राहिली. त्या जातीच्या मोटारीत पायांखाली एक लोखंडी पेटी असायची. पेटीत चाकं फिरायची आणि त्यांच्याभोवती कापडी पट्टे. पाय दाबला की पट्टा आवळायचा आणि मोटार मागे जायची किंवा थांबायची. चांगूने पेटीचं झाकण काढलं. आत पट्ट्याच्या जागी घड्या घालून, सुतळीने करकचून बांधलेलं पिवळं लुगडं होतं. तेलात भिजलेलं, कडेने जळलेलं. चांगूची बायको साळूबाई डोकावली आणि तिने तोंडावर हात घेतला.

“हे तर तिचं हळदीचं.”

महिपतीने झाकण चांगूच्या हातून घेतलं. “कापड चांगलं हाय,” तो म्हणाला. “टिकंल.” आणि झाकण लावून टाकलं.

मग गावाचा पोलीसपाटील मुरारी घाट चढून सोनबाकडे गेला. सोनबा अंगणात बसला होता. मुरारीने तुळसाचं नाव काढलं.

“आमची भन आमाला मेली,” सोनबा म्हणाला. “तिच्या नावानं आंघूळ केलीय मी.”

“काय झालं सांगशील का नाय?”

“जिच्या नावानं आंघूळ केली तिचं काय सांगायचं?”

मुरारी त्याच पावली परत फिरला. भावाचीच फिर्याद नाही म्हटल्यावर कागद करायचा कशाचा? मात्र नाक्यावर आल्यावर त्याने जे पाहिलं-ऐकलं ते सगळं भागूबाईला सांगितलं, म्हणजे कागद केला काय नि न केला काय, सारखंच.

त्यानंतर महिपतीच्या मोटारीत माणूस बसला नाही. आधी तो महाबळेश्वरला माणसं न्यायचा, मग भाजीची पाटी, मग तीही कुणी देईना. पोरं मोटारीची चाहूल लागली की घरात पळायची. पोटुशी बाई तिची सावली चुकवून जायची. चिमाबाई मरेपर्यंत लेकाशी नीट बोलली नाही; जेवण वाढायची आणि तोंड फिरवून बसायची. एक वाक्य बोलला असता तर महिपतीच्या मागचं सगळं सुटलं असतं. लोकांनी त्याला खोदून विचारून पाहिलं, दारू पाजून पाहिलं. एकदा तर आबाजीने राखणदाराच्या दगडावर हात ठेवून शपथ घ्यायला सांगितली.

“सांग, मी मारली नाय.”

महिपतीने हात ठेवला नाही. “तुमाला वाटतंय ते ऱ्हाऊ दे,” म्हणाला.

आणि तो ती मोटार चालवत राहिला, रिकामी, पाठमोरी, राखणदाराकडे पाठ करून. कशाला जायचा वर, ते कुणाला कळलं नाही. ती शेवटी बंद पडली ती गोठ्यात. तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या बसायला लागल्या. महिपती तिच्या बाजूला बाज टाकून निजायचा, आणि तिथेच तापाने गेला. त्याच्या दहाव्याला सोनबा घाट उतरून आला. म्हातारा झाला होता. भागूबाईच्या बाकावर बसून, कुणी न विचारता, त्याने सांगितलं.

तुळसा मेली नव्हती. मोटार वर पोचेपर्यंत पेटीतला पट्टा जळून गेला होता आणि उतरायला कापड हवं होतं. तुळसाने गाठोडं सोडून हळदीचं लुगडं महिपतीच्या अंगावर टाकलं आणि ती सोनबाच्या शेजारच्या रामा गाडीवानाबरोबर मेढ्याला निघून गेली. तिथे तिने त्याच्याशी पाट लावला आणि तिला तीन मुलं झाली. भावाने लाजेपायी तिच्या नावाने आंघोळ केली. बायको सोडून गेली हे सांगण्यापेक्षा, ती मारली असं लोकांनी म्हटलेलं महिपतीला बरं वाटलं.