चष्मा विसरणारं गिऱ्हाईक

भिंगवाल्या ताईंना गल्लीत सगळे ओळखत, पण त्यांच्या घरी कुणी जात नसे. घर म्हणजे तरी काय, दुकानामागची एक खोली. पुढे जुनी पुस्तकं, मागे ताई आणि मधल्या दारातही पुस्तकंच, त्यामुळे अंग चोरून आतबाहेर करावं लागे. दुकान वडिलांनी टाकलेलं. ते गेल्यावर ताईंनी चालवलं आणि त्या नादात लग्नाचं वय कधी निघून गेलं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. परगावचा धाकटा भाऊ फोनवर एकच पालुपद लावायचा, "विकून टाक ते सगळं आणि ये इकडे." ताई म्हणायच्या, "बघू." त्या 'बघू'ला वीस वर्षं झाली होती.

पुस्तकाची किंमत ठरवण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. भिंगातून शिवण, छपाई, कागद बघायच्या आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीने बारीक आकडा टाकायच्या. कुणी घासाघीस केलीच तर म्हणायच्या, "पुस्तक जुनं आहे, भाव ताजा आहे. घ्यायचं तर घ्या."

दर बुधवारी दुपारी घड्याळवाले येत. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. "आता कोण घड्याळं दुरुस्त करतं?" म्हणून धंदा बंद केलेला. सडसडीत, इस्त्रीचा सदरा, बोलणं मोजकं. येऊन स्टुलावर बसत. हाताला येईल ते पुस्तक काढत, पाठीवरून बोट फिरवत आणि ताईंपुढे धरत.

"यात काय आहे, जरा वाचून दाखवता? चष्मा घरी राहिला."

"तुमचा चष्मा घर राखायला ठेवलाय वाटतं," ताई म्हणत.

ते हसत आणि ताई पहिली चारपाच पानं वाचत. काही जुन्या पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच असत. वाचणाऱ्याने कापत जायचं. ताई बोथट सुरीने लागतील तेवढी पानं मोकळी करत. प्रवासवर्णन निघालं की घड्याळवाले पुढे सरकून बसत. पहिल्याच पानावर कुणी मेलं तर म्हणत, "हे राहू द्या." शेवटी एक पुस्तक घेऊन जात. अशी बारा वर्षं गेली. बुधवारी ताई दुपारचं पडणं टाळत आणि केस नीट विंचरत. का, ते त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

मग एका बुधवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाही. ताईंना त्यांचं घर ठाऊक नव्हतं. पाचव्या आठवड्यात एका बाईचा फोन आला. "पुस्तकांत तुमच्या दुकानाच्या पावत्या सापडल्या. मामा गेला हो. महिना झाला. खोली रिकामी करायचीय, येऊन भाव कराल?"

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक पलंग, एक टेबल आणि भिंतभर पुस्तकं. सगळी ताईंच्याच दुकानातली. ताईंनी भिंग काढलं, पहिलं पुस्तक उघडलं. पहिली सहा पानं मोकळी, पुढची जोडलेलीच. दुसऱ्यात आठ मोकळी. तिसऱ्यात पाच. कापलेली कड ताईंनी ओळखली; त्यांची सुरी मध्ये जराशी अडखळायची.

"यांनी पुढची वाचलीच नाहीत?"

"वाचणार कशी?" भाची म्हणाली. "बारातेरा वर्षं झाली असतील, मामाला समोरचं दिसत नव्हतं. कडेकडेचं दिसायचं तेवढ्यावर फिरायचा. धंदा काय उगाच बंद केला? कुणाला सांगू द्यायचा नाही. आम्हाला वाटायचं, पुस्तकं कशाला घेतोय हा?"

ताई पलंगाच्या कडेवर बसल्या. थोड्या वेळाने पुन्हा उठल्या, कारण काम उरलं होतं.

खालच्या फळीवर सूर्यघड्याळं कशी करावीत याचं एक पातळ पुस्तक होतं. मुखपृष्ठ फाटलेलं. नंतरची कुठलीतरी आवृत्ती समजून ताईंनी ते जवळजवळ फुकटात दिलं होतं. घड्याळवाल्यांनी त्या दिवशी पान बोटांत चोळून म्हटलं होतं, "कागद फार जुना लागतोय हो." ताई म्हणाल्या होत्या, "असेल." आता त्यांनी भिंग लावलं. चित्रांतले रंग हाताने भरलेले होते, ब्रशचे फराटे दिसत होते. नंतरच्या आवृत्त्यांत रंग छापलेले असत; म्हणजे ही पहिलीच छपाई होती.

"हे मला विकू नका," त्या म्हणाल्या. "मोठ्या ग्रंथालयाला दाखवा. बाकीच्या सगळ्यांपेक्षा याची किंमत जास्त आहे."

भाचीने रोखून बघितलं. "मग तुम्ही मामाला कसं दिलंत?"

"चुकले. त्यांच्या बोटांना कळलं, माझ्या भिंगाला नाही."

बाकीच्या पुस्तकांचा रास्त भाव देऊन ताईंनी ती टेम्पोत भरली. ड्रायव्हरने विचारलं, "नात्यातलं कुणी गेलं का?"

"गिऱ्हाईक होते," ताई म्हणाल्या आणि रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दोन महिन्यांनी भाचीचा फोन आला. ग्रंथालयाने पुस्तक घेतलं होतं, चांगले पैसे आले होते. आभार मानून झाल्यावरही तिने फोन ठेवला नाही.

"तुमच्याकडे येऊन मामा काय करायचा?"

"ऐकायचा."

"आमच्याकडे तर टीव्हीसुद्धा बंद करायला लावायचा. काय ऐकायचा?"

ताई सांगू लागल्या. त्याला बोटींची वर्णनं आवडत. विनोद पुरा व्हायच्या आत हसून मोकळा व्हायचा. एकदा वाळवंटाचं वर्णन ऐकून पाणी मागितलं होतं. बोलता बोलता आपण त्याला अरेतुरे करतोय हे ताईंच्या लक्षात आलं, पण त्या थांबल्या नाहीत. भाची हसली. "मला यातलं काहीच माहीत नव्हतं," एवढंच म्हणाली.

"मलाही डोळ्यांचं माहीत नव्हतं," ताई म्हणाल्या. "सांगितलं असतं, तर पुढची पानंही वाचून दाखवली असती."

फोन ठेवून त्या मागच्या खोलीत गेल्या आणि एकटीपुरता चहा टाकला. ती पुस्तकं पुढे हळूहळू विकली गेली. जोडलेली पानं ताईंनी कुठल्याच पुस्तकात कापली नाहीत.