फुलाताईंच्या अंगणवाडीतले सिंह

फुलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी फुलसावंगीच्या बाजारात होते. त्यांच्या सुनेनं एवढंच सांगितलं, "मॅडम, आई गेल्या." भाजीवाली पिशवी पुढे धरून काही विचारत होती, पण मला तिचं बोलणं ऐकूच येईना... त्याला आता काही आठवडे झाले.

बंजारा तांड्यावरची माझी शाळा आणि त्यांची अंगणवाडी यांच्यात एकच भिंत होती. मी पाढे म्हणून घेत असले की पलीकडून डरकाळ्या यायच्या. भिंतीवरच्या तक्त्यातल्या सिंहाला तिथली पोरं 'केसवाला वाघ' म्हणत. फुलाताईंना ते पटेना. वाघ एकटा राहतो, सिंह गणगोत धरून राहतो, हा फरक पोरांना कळलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. सिंह त्यांनीही पाहिलेला नव्हता. मग शाळा सुटल्यावर आम्ही दोघी माझ्या मोबाइलवर गीरचे सिंह बघत बसायचो आणि दुसऱ्या दिवशी ही पन्नाशीची बाई पदर खोचून, गुडघ्यांवर रांगत सिंहीण व्हायची. चार पोरी दबा धरायच्या, उरलेली पोरं हरणं व्हायची. आयाळवाला सिंह झालेला पोरगा मात्र राखणीला उभा. खेळून दमला की सगळा कळप फुलाताईंना मधे घेऊन सतरंज्यांवर झोपायचा.

दिवाळी झाली की तांड्यावरची बरीच माणसं ऊसतोडीला जातात. एका वर्षी पायलचे आईबाप तिला चुलतीकडे ठेवून गेले. चार वर्षांची पोर. चुलती जीव लावायची, पण पायल तिच्या हातचा घास घेईना. अंगणवाडीतही खिचडीची ताटली तशीच ठेवून दाराशी बसायची आणि 'याडी, याडी' करत आईला हाका मारायची. आई उद्या येईल, असं सगळे तिला सांगत. फुलाताईंनी तसं सांगायला साफ नकार दिला. उद्या आई आली नाही की पोरीचा आपल्यावरचाही भरवसा उडेल, असं त्या मला म्हणाल्या.

मग एक दिवस त्यांनी पुन्हा सिंहांचा खेळ मांडला. सिंहीण पिल्लांना गवतात ठेवून दूर शिकारीला जाते, इथवर गोष्ट आली. तेवढ्यात दाराशी बसलेली पायल आईला हाका मारण्यापलीकडे पहिल्यांदाच काही बोलली. पिल्लू रडत नाही का, असं तिनं विचारलं.

"रडते ना," फुलाताई म्हणाल्या. "मंग त्याची मावशी त्याले दूध पाजते. कळपातल्या साऱ्या माया एकमेकीची लेकरं सांभाळते. मावशीचं दूध पेलं म्हून माय काही परकी होत नाही, बाई."

चुलती तिला न्यायला येऊन दारातच उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला... पायलनं लगेच काही खाल्लं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चुलती धावतच सांगत आली, की पोरीनं भाकर खाल्ली, माझ्या हातानं खाल्ली.

उन्हाळ्यात आई परतली तेव्हा पायल चुलतीच्या मागे लपली. आईचा चेहरा पडला. ती पोरीला ओढून घेणार, तोच फुलाताईंनी तिचा हात धरला. "थांब जराशी. तिले येऊ दे. वास घेऊ दे तुया." आई मातीतच बसली. बऱ्याच वेळानं पायल हळूहळू जवळ आली, तिनं आईच्या ओढणीत नाक खुपसलं आणि मग दोघी कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या. फुलाताई आत जाऊन उगाच भांडी आवरत होत्या.

परवा अंगणवाडीत गेले होते. नवीन सेविका अजून बावरलेली आहे. दुपारच्या झोपेसाठी तिनं सतरंज्या ओळीनं अंथरल्या, तर पोरांनी त्या ओढून एकत्र केल्या आणि एकमेकांच्या अंगावर हातपाय टाकून ती गोल पडली. मधोमध मात्र मोठ्या माणसाएवढी जागा मोकळी होती. ती कोणाची, असं विचारल्यावर एक चिमुरडी म्हणाली, "ते ताईची हाय." त्या पोरीनं हातानं सतरंजी थोपटली... तशी सेविका जरा घुटमळली आणि मग हळूच, कोणाला धक्का न लावता, त्या जागेत आडवी झाली.